मोंढा आणि एम. ए.

मुलगा एम. ए. होतो आहे, असे सांगताना बापाची मान ताठ होते. पण 'कशात?' या प्रश्नाला 'अर्थशास्त्रात' असे उत्तर आले, की ऐकणारा हमखास म्हणतो, "मग घरचा हिशेब आता तोच पाहत असेल!" विनोद जुना आहे आणि निर्विषही आहे. परंतु जालना जिल्ह्यात त्याच्या पोटात एक खरा प्रश्न दडलेला असतो. दुकानदाराची बियाण्याची उधारी फिटलेली नाही, कापसाचा भाव नक्की नाही, अशा घराने मुलाची किंवा मुलीची आणखी दोन वर्षे या विषयाला द्यावीत काय?

आपल्याकडे ही दोन वर्षे पूर्वी फार महाग होती. 1948 पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होते. राज्यातले विद्यापीठ एकच, 1918 सालचे हैदराबादचे उस्मानिया, आणि तिथले माध्यम उर्दू. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाने तिथे अर्थशास्त्र शिकायचे ते 'मआशियात' या नावाने! गंमत अशी, की त्याच काळी मोंढ्यातल्या मुनिमाला चलनविनिमयाचा धडा पुस्तकावाचून येत होता. निजामाचा 'हाली' रुपया वेगळा आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा 'कलदार' वेगळा. सात हाली म्हणजे सहा कलदार. परमुलखाशी व्यवहार करणाऱ्याला हा हिशेब चुकून चालत नसे. शास्त्र हैदराबादला आणि व्यवहार जालन्याला, अशी ही ताटातूट होती. 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि निदान अंतर तरी तुटले.

त्या विद्यापीठाला 1994 पासून ज्यांचे नाव आहे ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः अर्थशास्त्राचे एम. ए. होते, हे किती विद्यार्थ्यांच्या ध्यानात असते? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते 1913 साली अमेरिकेला गेले आणि 1915 साली कोलंबिया विद्यापीठाचे एम. ए. झाले. पुढे 1923 साली लंडनची डी. एस्सी. त्यांना मिळाली ती रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल. पण जालन्याच्या विद्यार्थ्याने आधी वाचावा तो त्यांचा 1918 सालचा लहान शेतजमिनींवरचा निबंध. जमिनीचे तुकडे जोडले की शेतकरी सुधारेल, असे त्या वेळी बहुतेक विद्वान म्हणत होते. बाबासाहेबांनी विचारले, की तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरांवरून कसे ठरवता? त्यावर किती भांडवल लागले आहे आणि किती हात राबत आहेत, हे आधी पाहा. रिकामे हात शेतीतून काढून उद्योगात नेल्यावाचून शेतीचे दुखणे बरे होणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आता हा निबंध हातात घेऊन जालन्यात एक फेरी मारावी. 'जालना, सोने का पालना' ही म्हण व्यापाराच्या भरभराटीची. याच गावात 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी 'महिको' ही बियाणे कंपनी काढली. त्यांना 1998 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाण्याचे पीक पुन्हा पेरले तर पहिल्यासारखा उतारा येत नाही, म्हणून बियाणे दरसाल विकत घ्यावे लागते. घरच्या कणगीतले बी बाजारात गेले, त्यामुळे उत्पन्न वाढले किती आणि उधारी वाढली किती? भंगार वितळवून सळ्या करणारे कारखाने इथे आहेत. त्यांत आसपासच्या खेड्यांतले रिकामे हात किती लागले? 2012-13 च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा जळाल्या. ज्वारी गेली तर हंगाम जातो. मोसंबीचे झाड गेले तर कित्येक वर्षांचे भांडवल जाते. सरकारी मदतीच्या हिशेबात हा फरक कितपत धरला जातो? अशा प्रश्नांची तयार उत्तरे कोणत्याही गाइडात नाहीत. ती शोधणे म्हणजेच एम. ए. करणे.

दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी घडते ते उलटे. परीक्षेच्या आधी महिनाभर गाइड आणायचे, मागणीच्या लवचीकतेची व्याख्या घोकायची आणि शेजारी टोमॅटोचा भाव कोसळला तरी त्या व्याख्येशी त्याचा संबंध लावायचा नाही. मग पदवी हाती येते आणि नोकरी येत नाही. पालकांना हे स्पष्ट सांगितले पाहिजे, की केवळ एम. ए. झाल्याने प्राध्यापकी मिळत नाही. त्यासाठी खुल्या वर्गाला किमान 55 टक्के गुण आणि वर नेट किंवा सेट परीक्षा लागते, आणि तीही पास झालेले अनेकजण जागेची वाट पाहत बसलेले आहेत.

तेव्हा ज्याला नुसते नावापुढे दोन अक्षरे लावायची आहेत, त्याने घरचा पैसा वाचवावा. पण ज्याला प्रश्न पडतात, त्याला अडवू नये. त्याने पहिल्या दिवसापासून संख्याशास्त्राशी मैत्री करावी. त्याची भीती बाळगून हा विषय येत नाही. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचे 'सामाजिक व आर्थिक समालोचन' काढते. त्यातला जालना जिल्हा वाचून काढावा. मग वही घेऊन आपल्याच गावच्या वीस घरी जावे आणि बियाणे, मजुरी, व्याज यांचे आकडे मांडावेत. बँकेला, सहकारी संस्थेला, शेतकऱ्यांच्या कंपनीला असे आकडे मांडता येणारा माणूस हवाच असतो. मुलगी असेल तर तिने घरातल्या बायकांना विचारावे, की तुमच्या शेतातल्या कामाची मजुरी कोणत्या रकान्यात लिहायची? पुष्कळ वह्यांत तो रकानाच सापडणार नाही.

लक्ष्मीपूजनाला मोंढ्यातले व्यापारी नव्या वहीला हळदकुंकू वाहतात. पण वहीची पूजा झाली म्हणून खाते जमेत येत नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्यात खरे आकडे लिहावे लागतात. पदवीचेही तसेच आहे. अशी वही लिहिणारी दहा मुले जरी जिल्ह्यात दरसाल निघाली, तरी आपल्या शेतीचा हिशेब मुंबईहून सांगितला जाण्याची वाट जालन्याला पाहावी लागणार नाही.