समुद्र नको, ओढा आणा

समुद्री मीठ, पंप, निळे दिवे आणि प्रोटीन स्किमर ही सगळी सामग्री आता कुरियरने कुठेही पोचते. त्यामुळे नंदुरबार किंवा शहाद्याच्या दिवाणखान्यात प्रवाळांची टाकी उभी करणे आज अशक्य राहिलेले नाही. त्यातही उथळ टाकीचे आकर्षण मोठे आहे. उंची जेमतेम पंचवीस-तीस सेंटिमीटर, लांबी-रुंदी मात्र ऐसपैस. प्रकाश तळापर्यंत पोचतो, हात सहज आत जातो, काच पातळ असली तरी चालते आणि वरून पाहिले की भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या डबक्यात डोकावल्याचा भास होतो. हौस समजण्यासारखी आहे. तरीही या जिल्ह्यात ज्याला उथळ टाकी बांधायची आहे त्याने तिच्यात समुद्र भरू नये, सातपुड्याचा ओढा भरावा, असे माझे मत आहे. त्यामागे देशीपणाचा अभिमान वगैरे काही नाही. टाकीची नळजोडणी, इथला उन्हाळा, इथली वीज आणि देशाचा कायदा या चारही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात, एवढेच कारण आहे.

आधी नळजोडणी घेऊ, कारण समुद्री टाकीचे भवितव्य तिथेच ठरते. टाकीतले पाणी एका कडेवरून सांडते, नळीने खालच्या टाकीत म्हणजे सम्पमध्ये उतरते, तिथे स्वच्छ होते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. हे चक्र चालू असेपर्यंत सगळे छान असते. प्रश्न येतो तो वीज गेल्यावर. पंप थांबतो, पण वर पाणी नेणारी नळी आता उलटी वाहू लागते, आणि तिचे तोंड उघडे पडून हवा ओढेपर्यंत टाकीतले पाणी खाली येत राहते. १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ३० खोल अशी टाकी धरा, म्हणजे २१६ लिटर. तिच्यातले एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ७.२ लिटर. नळीचे तोंड पाण्याखाली तीन सेंटिमीटर असेल तर साडेएकवीस लिटर खाली येणार, आणि तेवढी मोकळी जागा सम्पमध्ये नसेल तर ते फरशीवर येणार. तेवढ्याच पाण्याची, पण अर्ध्या रुंदीची आणि दुप्पट खोल टाकी असती तर हा आकडा निम्मा झाला असता. म्हणजे उथळपणाची किंमत इथे मोजावी लागते. उपाय आहेत, आणि ते अवघडही नाहीत. नळीचे तोंड पाण्याच्या पातळीलगत ठेवायचे, पातळीच्या जरा खाली नळीला हवा शिरायला एक बारीक भोक पाडायचे, सांडव्याच्या दोन नळ्या ठेवायच्या म्हणजे एकीत गोगलगाय किंवा शेवाळ अडकले तरी दुसरी सांभाळून घेते. काचेला भोक पाडायचे तर ती टफन्ड नाही याची खात्री आधी करायची, नाहीतर ड्रिल टेकताच तिचा चुरा होतो. आणि घराच्या पाण्याचे काम करणाऱ्या प्लंबरला एक गोष्ट बजावून सांगायची, की पितळ कुठेही नको. पितळी बॉल व्हॉल्व्ह किंवा पितळी आट्यांचा एल्बो ही त्याच्या हाताची सवय असते, पण खाऱ्या पाण्यात त्यातले तांबे सुटते आणि प्रवाळ, कोळंबी, शंखवर्गीय जीव मरतात. टँक कनेक्टर, युनियन, व्हॉल्व्ह सगळे प्लॅस्टिकचेच हवे.

इथपर्यंत मुंबई आणि नंदुरबार सारखेच. फरक पडतो तो मार्च सरल्यावर. खानदेशच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडीठाक असते. वरच्या टाकीतून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडाले असे माना. घरातल्या पंख्याखाली हे फार नाही. ते झाले ३.६ लिटर. उडते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते. खारेपणा लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास स्थिर राहावा ही प्रवाळांची पहिली अट असते, आणि इथे तीन दिवस वरून पाणी घातले नाही तर ३५ चे जवळजवळ ३७ होतात. सम्प असला तर वरची पातळी हलत नाही, सगळी घट सम्पच्या पंपाच्या कप्प्यात दिसते. लहान सम्पच्या त्या कप्प्यात पंधरा-वीस लिटर पाणी असते. घरातले सगळे लग्नाला तीन-चार दिवस परगावी गेले की पंप हवा ओढू लागतो. पाणी आपोआप भरणारे यंत्र बसवता येते, पण त्याला लागणारे पाणी आरओचे, आणि घरगुती आरओ लिटरभर पाण्यामागे दोन-तीन लिटर सोडून देतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्या ज्या जिल्ह्यात आहेत तिथे रोज दहा-पंधरा लिटर अशा कामी लावणे कायद्याने गैर नसेल, पण शेजाऱ्याला सांगताना अडखळायला होईल.

एक गोष्ट मात्र इथल्या बाजूची आहे आणि ती सांगायलाच हवी. कोरड्या हवेत पाण्याच्या पृष्ठभागावर साधा पंखा सोडला तरी पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. मुंबईच्या दमट हवेत एवढा गुण येत नाही. पण पंखा जितका थंड करतो तितकेच पाणी जास्त उडवतो, आणि खोलीत कूलर लावला तर हवा ओलसर होऊन पंख्याचा गुण जातो. शेवटी चिलर घ्यावा लागतो. मग विजेचा हिशेब येतो. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते, प्रत्यक्षात हजाराच्या आसपास धरावे. चिलर, पंप आणि पंखा मिळून चारशे वॉट खेचत असतील तर अडीच तासांत खेळ आटोपतो. वळवाच्या पहिल्या वादळात तारा तुटल्या की लाइन किती वेळाने येते हे धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला कुणी शिकवायला नको. तापलेल्या खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळलेला असतो. प्रवाह थांबला की घटिका मोजायला सुरुवात होते.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे घातले गेले. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही. मेलेल्या प्रवाळाचा पांढरा सांगाडा दगड समजून टाकीत मांडला तरी सुटका नाही. या कायद्याची जरब किती आहे पाहायची तर मुंबईच्या किनारी रस्त्याकडे पाहावे. वरळी आणि हाजी अली इथल्या खडकांवर सापडलेल्या १८ प्रवाळ वसाहती २०२० मध्ये दुसरीकडे हलवायच्या होत्या, तर महापालिकेला वन विभागाची परवानगी घ्यावी लागली आणि काम राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या हातून करून घ्यावे लागले. हजारो कोटींचा प्रकल्प ज्यासाठी थांबतो ते प्रवाळ कुणी कुरियरने पाठवत असेल, तर ते आले कुठून हा प्रश्न घेणाऱ्याने विचारायला नको का? आपल्याला जवळचा म्हणून सुरतेचा समुद्र आठवतो, पण खंभातच्या आखाताचे पाणी इतके गढूळ की तिथे प्रवाळ तगत नाहीत. ते मिळतात कच्छच्या आखातात, मालवणला, विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत बुडालेल्या अँग्रिया बँकेवर, आणि अर्थातच लक्षद्वीप, अंदमान, मन्नारच्या आखातात. समुद्र तापल्यामुळे या ठिकाणी प्रवाळ पांढरे पडण्याच्या घटना वारंवार होत आहेत. त्यातून उचललेला एकेक तुकडा दिवाणखान्यात दोन महिन्यांत मरणार असेल तर त्याला हौस म्हणणे कठीण आहे.

मग ओढाच का? कारण उथळ, रुंद, वेगाने वाहणारे, दगडगोट्यांचे पाणी हे उथळ टाकीचे जणू मूळ रूपच आहे, आणि ते या जिल्ह्यातून झपाट्याने कमी होते आहे. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेड्याचे बंधारे आहेत, खाली उकाईचा फुगवटा नवापूर तालुक्यापर्यंत येतो. उत्तरेला सरदार सरोवराने नर्मदेचा वाहता प्रवाह तलावासारखा करून टाकला. मणिबेलीपासून वरची गावे त्या पाण्यात गेली, आणि विस्थापितांच्या काही मच्छीमार संस्था आता त्याच साठलेल्या पाण्यावर जगू पाहतात. साठलेल्या पाण्यात कटला-रोहू वाढतो, पण प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून राहणारे, दगडाला पोट चिकटवून शेवाळ खरवडणारे मासे तिथे टिकत नाहीत. ते उरले उदई, गोमाई, रंगावली यांसारख्या लहान नद्यांच्या वरच्या अंगाला. दगडाला चिकटणारा मळ्या, वाळूत घुसणारी मुरी, थव्याने पोहणारे डॅनियो आणि रासबोरा, अंगावर निळसर पट्टे असलेले बारीलियस. डिसेंबरच्या गारठ्यापासून मेमधल्या कोमट डोहापर्यंत सगळे ऋतू त्यांनी पाहिलेले असतात. त्यांना हीटर लागत नाही, आणि सावलीच्या खोलीत पाणी खेळते राहिले तर चिलरही लागत नाही.

त्यांची नळजोडणीही वेगळी, आणि मला वाटते अधिक हुशार. टाकीच्या एका टोकाला दोन छोटे पंप, दुसऱ्या टोकाला स्पंजाची तोंडे, आणि दोन्ही टोके जोडणाऱ्या नळ्या गोट्यांखाली गाडलेल्या. पंप पाणी वरून ढकलतात, स्पंज ते दुसऱ्या टोकाला ओढून घेतात, तेच पाणी खालच्या नळ्यांतून परत पंपाकडे येते. पृष्ठभागावर एकाच दिशेचा खरा प्रवाह तयार होतो. सगळे काचेच्या आत असते. भोक नाही, सांडवा नाही, सम्प नाही. वीज गेली तर पाणी फक्त थांबते, थेंबही बाहेर येत नाही, आणि पाच वॉटचा बॅटरीवरचा हवेचा पंप रात्र काढून नेतो. पाणी उडाले तर मिठाचे गणित नाही. क्लोरीन घालवलेले नळाचे पाणी घातले की झाले. इथले काळे बेसाल्टचे गोटे स्वच्छ धुऊन तसेच वापरता येतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो रंगांचा. निळा-पिवळा समुद्र कुठे आणि राखाडी ओढा कुठे! मान्य, निळ्या दिव्याखाली चमकणारे काही इथे नाही. पण मासा पाहायचा म्हणजे त्याचे वागणे पाहायचे असेल, तर वेगाच्या पाण्यात जागा धरून राहणारा बारीलियसांचा थवा तासभर खिळवून ठेवतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: ओढ्यातून मासे धरणे हेही ओरबाडणेच नाही का? आहे, प्रमाण सुटले तर. म्हणून आठ-दहा मासे, तेही पावसाळ्यातली वीण सोडून, आणि त्या ओढ्यावर ज्यांची मासेमारी चालते त्या गावाला विचारून. महसीर नको, तो घरातल्या कुठल्याही टाकीत मावत नाही. आणि टाकीतला मासा परत नदीत कधीच सोडायचा नाही, मग तो त्याच ओढ्यातला का असेना, कारण सोबत रोग जातो. शोभेचा म्हणून आणलेला परदेशी सकर मासा उजनी धरणात वाढून मच्छीमारांच्या जाळ्यांची काय दशा करतो, हे वर्तमानपत्रांतून वारंवार आले आहे. तिसरा आक्षेप असा की डोंगराळ जिल्ह्यातल्या मुलांनी समुद्र कधी पाहायचा. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने १९५१ पासून पिढ्यान्‌पिढ्यांना समुद्र दाखवला हे खरेच आहे. पण ते मत्स्यालय मरीन ड्राइव्हवर, समुद्रासमोर उभे होते. तोच न्याय लावायचा तर नंदुरबारच्या मत्स्यालयात तापी-नर्मदेची नदी हवी. आश्रमशाळेच्या एका वर्गात अशी वाहती टाकी ठेवली तर धडगावच्या मुलाला काचेमागे ओळखीचे काही दिसेल, आणि त्या माशाबद्दल शिक्षकाइतकेच, कदाचित जास्तच, तो सांगू शकेल.

आणि एवढे सगळे ऐकूनही ज्याला समुद्रच हवा आहे, त्याची वाट अडवण्याचे कारण नाही. अटी मात्र पाळाव्यात. क्लाउनफिश कृत्रिमरीत्या वाढवण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने कधीचेच बसवले आहे, ऐरोलीला कांदळवन कक्षाच्या केंद्रातही अशा माशांची पैदास होते. तेव्हा मासे पैदास केलेलेच घ्यावेत, पावतीसह. प्रवाळ घेऊ नयेत. खडकाच्या जागी सिमेंटचे, महिनाभर पाण्यात मुरवलेले ठोकळे वापरावेत. मीठ घालण्याआधी पूर्ण जोडणी साध्या पाण्यावर आठवडाभर चालवावी, शक्यतो मे महिन्यात, आणि त्या आठवड्यात रोज एकदा घराचा मेन स्विच पाडून सम्प काठोकाठ भरतो की वाहतो ते पाहावे. वाहिला तर टाकी रिकामी करून नळीचे तोंड वर घ्यावे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.