बाणाचा 'ध'चा 'मा'

'ध'चा 'मा' करणे हा वाक्प्रचार आपण मराठीच्या विद्यार्थ्यांनी परीक्षेत किती वेळा वाक्यात उपयोगून दाखविला असेल! १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि 'धरावे' या आज्ञेतील एक अक्षर बदलून कुणीतरी 'मारावे' केले, अशी आख्यायिका लोकांच्या तोंडी राहिली. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातला धडा खरा आहे. कागदावरचे एक चिन्ह बदलले की कागदाचा अर्थच फिरतो. मात्र हा धडा आपण अक्षरांपुरताच घेतला. अक्षर नसलेल्या चिन्हालाही तो लागू पडतो, हे मला गेल्या वर्षी याच वार्षिकाच्या कामात कळले, आणि तेही स्वतःच्या चुकीने. म्हणून हा लेख म्हणजे थोडा कबुलीजबाब आणि थोडी तक्रार आहे.

झाले असे. शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील एका सरांनी आमच्या विनंतीवरून खतांविषयी एक सोपा, सुरेख लेख लिहून दिला. मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे होते. मी ऱ्हस्वदीर्घ पाहिले, स्वल्पविराम पाहिले, 'आणि'चा 'आणी' झाला होता तो पकडला आणि मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. लेखात मध्यभागी एक ओळ होती: नायट्रोजन + हायड्रोजन ⇌ अमोनिया. सरांनी हाताने एकावर एक असे दोन अर्धे बाण काढले होते, एक उजवीकडे जाणारा, दुसरा डावीकडे येणारा. मुद्रितात मात्र एकच बाण आला. छापखान्यातील जुळणी करणाऱ्या काकांना मी विचारलेही. ते म्हणाले, "आपल्या फाँटात तसला बाण नाही. आणि बाण तो बाण! दिशा कळली म्हणजे झाले." मलाही ते पटले. अंक निघाला.

सर रागावले नाहीत. त्यांनी अंक उघडून त्या ओळीवर बोट ठेवले आणि एवढेच म्हणाले, "माझा सगळा लेख या बाणावर उभा होता."

खरेच होते ते. एकेरी बाण सांगतो की डावीकडचे पदार्थ उजवीकडच्या पदार्थांत बदलतात, आणि गोष्ट तिथे संपते. दुहेरी बाण सांगतो की अमोनिया तयार होत असतानाच त्यातला काही पुन्हा नायट्रोजन आणि हायड्रोजन यांत विघटित होत असतो. दोन्ही क्रिया एकाच वेगाने चालू लागल्या की समतोल साधतो. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली प्रयोगशाळेत ही क्रिया यशस्वी केली आणि १९१३ साली जर्मनीत ओपाऊ येथे तिचा मोठा कारखाना उभा राहिला. त्या कारखान्याची सारी धडपड या परतीच्या बाणाशी होती. वातावरणाच्या सुमारे २०० पट दाब कशासाठी? अमोनिया सतत थंड करून बाजूला का काढायचा? उरलेले वायू पुन्हा पुन्हा आत का सोडायचे? कारण एका फेरीत सुमारे १५ टक्केच वायूंचा अमोनिया होतो. बाण एकेरी छापला की या सर्व प्रश्नांना अर्थच उरत नाही. शेतकऱ्याच्या बांधावरच्या युरियाच्या पोत्यामागे असलेली माणसाची एवढी झुंज मी एका चिन्हासरशी पुसून टाकली होती!

त्यानंतर मी सरांकडे जाऊन बसलो आणि बाणांची बाराखडी शिकलो. कलाशाखेच्या मित्रहो, ती आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. ↔ असा दोन टोकांचा एकच बाण असतो. बेंझिनच्या दोन आकृत्यांमध्ये तो घालतात. त्याचा अर्थ 'हे त्याच्यात बदलते' असा मुळीच नाही. खरे बेंझिन या दोन्ही चित्रांच्या मधले असून एकट्या कोणत्याही चित्राने ते पुरते सांगता येत नाही, असा त्याचा अर्थ. तेथे चुकून ⇌ छापले, तर विद्यार्थी समजेल की बेंझिन घड्याळाच्या लंबकासारखे इकडून तिकडे हेलकावते. शिवाय वाकडा बाण असतो, तो इलेक्ट्रॉनांची जोडी कुठून कुठे गेली ते दाखवितो. त्याचे टोक अर्धेच काढले, तर एकच इलेक्ट्रॉन हलला. टोकाच्या एका पात्याने एवढा फरक! 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक ज्याला कळतो, 'आचार्यास' दिलेले दान 'आचाऱ्यास' गेले तर जो हसतो, त्याला हे अवघड का वाटावे?

ही चिन्हे काही एका दिवसात आकाशातून पडली नाहीत. लव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८९ साली द्राक्षरस आंबण्याची क्रिया बरोबरचे चिन्ह घालून लिहिली. डावीकडचे वजन आणि उजवीकडचे वजन सारखे, हे त्याला सांगायचे होते आणि त्यासाठी ते चिन्ह पुरेसे होते. पुढे १८८४ साली व्हान्ट हॉफ या डच शास्त्रज्ञाने त्या चिन्हाच्या जागी उलटसुलट दोन बाण घातले, कारण त्याला वजनाबरोबर गतीही सांगायची होती. वाकडा बाण १९२२ साली रॉबर्ट रॉबिन्सन आणि त्यांचे सहकारी करमॅक यांच्या लेखात आला. नवा विचार सुचला की नवे चिन्ह लागते. कवीला नवा शब्द लागतो, तसेच हे आहे.

आता छापखान्याची बाजूही पाहू, कारण काकांवर सगळे खापर फोडणे अन्यायाचे होईल. रसायनातला बाण हट्टी असतो. त्याच्या डोक्यावर कधी उत्प्रेरकाचे नाव येते, पोटाखाली तापमान येते. वरचा मजकूर लांबला की बाणाचीही लांबी वाढली पाहिजे. पण फाँटातला बाण एकाच मापाचा. तो ताणला की टोक फुगते, दांडी जाड होते आणि बाजूच्या अक्षरांशी त्याचे जमत नाही. यावर उपाय एकच. टोक वेगळे, अर्धे टोक वेगळे, दांडीचा तुकडा वेगळा असे घडवायचे आणि हवे तितके तुकडे सांधा न दिसता जोडायचे. म्हणजे खास या कामासाठी फाँट तयार करायचा.

एवढ्याशा बाणासाठी एवढी यातायात? असे विचारणाऱ्याला मी एक हकिगत सांगेन. अमेरिकेतील डोनाल्ड नूथ या संगणकशास्त्रज्ञाच्या हाती १९७७ साली आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. गणिताची ती जुळणी पाहून ते इतके खट्टू झाले की ग्रंथाचे काम बाजूला ठेवून त्यांनी जुळणीसाठी 'टेक' आणि अक्षरे घडविण्यासाठी 'मेटाफाँट' अशा दोन संगणकप्रणाली स्वतः रचल्या. त्यात त्यांची वर्षे गेली. पुढे रसायनाच्या लेखकांनी टेकचाच आधार घेऊन वरच्या मजकुराइतके लांबणारे बाण करून घेतले. आणि आपल्याकडे तरी काय वेगळे घडले? जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी देवनागरीचे देखणे खिळे घडविले. 'आहे त्या खिळ्यांत भागवा' असे ते म्हणाले असते, तर? भाषेसाठी खिळा घडवायचा असतो, खिळ्यासाठी भाषा कापायची नसते.

मात्र स्वतंत्र फाँट म्हणजे स्वैर फाँट नव्हे. जुन्या मराठी फाँटांचा ताप आपण सोसलेला आहे. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी बसविलेली, त्यामुळे फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडली की शुद्ध मराठीचे गबाळ होते. बाणाचेही तसेच. तो एखाद्या अक्षराच्या जागी चोरून बसविला, तर फाँट नसलेल्या यंत्रावर बाणाऐवजी ते अक्षर उमटते आणि अर्थाचा पुरता बोऱ्या वाजतो. युनिकोडमध्ये →, ⇌ आणि ↔ या तिघांना आपापले क्रमांक आहेत, जसा आपल्या 'ऱ'लाही आहे. फाँट हवा तो घडवा, पण प्रत्येकाला त्याच्या घरी राहू द्या.

कुणी म्हणेल, संदर्भावरून वाचक समजून घेतो. जाणता वाचक घेईलही. पण ज्याने ती गोष्ट प्रथमच वाचली, त्याच्याजवळ संदर्भ कोठून असणार? फळ्यावर सर चुकले तर मुलगा हात वर करतो. छापील चुकीपुढे मात्र तो स्वतःलाच चुकीचा ठरवितो. मराठीतून विज्ञान शिकवावे असे आपण व्यासपीठावरून उच्चरवाने सांगतो, मग मराठी पानावर विज्ञानाचे चिन्ह धड उमटत नाही याची लाज आपल्याला का वाटू नये? देवनागरीबरोबर हे बाण नीट वागवील असा, सर्वांना फुकट वापरता येईल असा फाँट विद्यापीठांनी मिळून करवून घ्यावा. तोवर मुद्रिते तपासणाऱ्याने ऱ्हस्वदीर्घाइतकेच लक्ष बाणांकडे द्यावे. हे दुसरे काम तर आजच्या आज, एक पैसाही न लागता होण्यासारखे आहे.

गेल्या वर्षीच्या अंकात शुद्धिपत्र घालण्याची वेळ निघून गेली होती. म्हणून यंदा या लेखात मी तो बाण मुद्दाम छापून घेतला आहे. तो नीट उमटला आहे ना, हे मी तीनदा पाहिले. काकांनी दोनदा. सरांनी एकदाच पाहिले आणि मान डोलावली.