साहेबाची कादंबरी आणि आपली नजर



"काही म्हणा, इंग्रजांनी ठग संपवले. एवढे श्रेय तरी द्याल की नाही?"

हे वाक्य मी लग्नकार्यात, एसटीत, पाव्हण्यारावळ्यांच्या गप्पांत इतक्या वेळा ऐकले आहे की आज त्याचे सविस्तर उत्तर द्यायचे ठरवले आहे. त्यासाठी लांब जायला नको. आमच्या सिद्धेश्वरला हिंगोली हेच जिल्ह्याचे गाव, आणि ठगांवरच्या सर्वांत गाजलेल्या इंग्रजी कादंबरीच्या प्रस्तावनेतच हिंगोली आहे.

कादंबरीचे नाव 'कन्फेशन्स ऑफ अ ठग', साल १८३९. लेखक फिलिप मेडोज टेलर, निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी. त्या काळी हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. टेलर लिहितो की त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या हरीसिंग हा हिंगोलीतला प्रतिष्ठित व्यापारी होता, आणि आपण व इतर अनेक इंग्रज अधिकारी त्याच्याशी व्यवहार करत होतो. छावणीच्या पहाऱ्यापासून जेमतेम ५०० यार्डांवर प्रेते पुरलेली होती. ती उकरताना टेलर स्वतः हजर होता.

आता पहिला प्रश्न. ज्यांना आपल्या तंबूशेजारचे मुडदे दिसले नाहीत, ते आपल्याला कायद्याचे राज्य शिकवायला आले होते? हे मी म्हणत नाही, साहेबाचेच पुस्तक म्हणते. चांगल्या कादंबरीचा हाच गुण. लेखकाला सांगायचे नसते तेही ती सांगून जाते.

कादंबरीतला अमीर अली हा ७१९ खुनांत सामील असलेला माफीचा साक्षीदार. तो साहेबापुढे जबाब देतो. सांगता सांगता तो साहेबालाच ऐकवतो की तुम्ही वाघ-डुकरांच्या शिकारीत महिनेच्या महिने घालवता, आमची शिकार तेवढी माणसाची. साहेब प्रश्न विचारत राहतो, पण त्याला उलटा प्रश्न विचारणारे पुस्तकात कोणी नाही. तो आपण विचारायचा. हिंगोलीला जी फौज होती तिचा खर्च निजामाच्या माथी. तो थकत गेला, आणि १८५३ साली त्यापोटी कंपनीने सबंध वऱ्हाड ताब्यात घेतला. रुमालाने गळा आवळला तर ठगी, आणि करारनाम्याने आवळला तर तह!

खून खरे होते, हे मी नाकारत नाही. मारले गेले ते वाटसरू, व्यापारी, रजेवर घरी निघालेले शिपाई. त्यांच्या मारेकऱ्यांना पकडले हे बरेच झाले. पण श्रेय देताना बिलही वाचावे. १८३६ च्या कायद्याने अमका माणूस ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप. त्याने नेमके काय केले हे सिद्ध करायची गरज नाही. तिथून पुढची पायरी सोपी होती. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला, आधी उत्तरेत आणि पुढे इतर प्रांतांतही. आता टोळीही नको, जात पुरे! सोलापूरला तारेच्या कुंपणाआड जी वसाहत झाली, तिला लोक अजून 'सेटलमेंट' म्हणतात.

सगळे साहेब सारखे नव्हते. जावात डच सरकारचा एक अधिकारी होता, एदुआर्द डाउवेस डेकर. रयतेची लूट पाहून त्याने तक्रार केली, कोणी ऐकेना तेव्हा १८५६ साली नोकरी सोडली आणि १८६० साली 'मॅक्स हावेलार' ही कादंबरी लिहिली. तिने हॉलंडमधल्या कॉफी पिणाऱ्यांना विचारले, ही कॉफी कोणाच्या घामाची? टेलरही माणूस म्हणून वाईट नव्हता. पण त्याने गुन्हेगाराचा जबाब घेतला, डेकरने आपल्याच सरकारचा घेतला. फरक आहे तो इथे.

आणि आता माझा खरा मुद्दा. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. इंग्रज गेले, वऱ्हाडही महाराष्ट्रात आला, पण साहेबाची ती नजर आपण ठेवून घेतली. गावात चोरी झाली की पहिली जीप पारध्याच्या पालावर जाते. शाळेत कंपासपेटी हरवली की पहिले दप्तर पारध्याच्या पोराचे उघडले जाते. हे मी माझ्या नोकरीच्या वर्षांत डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्यावरून सहकाऱ्यांशी भांडलोही आहे. त्या पोराच्या चेहऱ्यावरचा भाव ज्याने पाहिला, त्याने इंग्रजांच्या शिस्तीचे गोडवे मला सांगू नयेत.

आपल्या मुलखात दुसऱ्या बाजूचा जबाबही लिहिला गेला आहे. लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ साली आले. ती कादंबरी नव्हे, आत्मकथन आहे. माझी विनंती एवढीच की टेलर वाचलात तर शेजारी 'उचल्या' ठेवा. एकात साहेब प्रश्न विचारतो. दुसऱ्यात ज्याच्या कपाळी जन्मताच शिक्का बसला तो स्वतः बोलतो, आणि त्याचे प्रश्न साहेबाला नाहीत, आपल्याला आहेत.

असो. श्रेयाचा हिशेब मांडणाऱ्यांनी आधी या प्रश्नांची उत्तरे द्यावीत. मग इंग्रजांचे आभार कसे मानायचे ते पाहू.