जंगलाचा भाव आणि पाड्याची संमती

भिवंडी म्हटली की महाराष्ट्राला यंत्रमाग आठवतो. अलीकडे मानकोली-अंजूर पट्ट्यातील गोदामे आठवतात. याच तालुक्याच्या पश्चिमेस तुंगारेश्वराचे डोंगर उभे आहेत आणि २००३ साली सुमारे ८५ चौरस किलोमीटरचा तो प्रदेश अभयारण्य म्हणून जाहीर झाला, हे खुद्द भिवंडीतही फारसे कोणाच्या ध्यानी नसते. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि तानसाचे अभयारण्य यांना जोडणारा हा दुवा आहे. माणसांनी नकाशावर आखलेल्या हद्दी जनावरे मानीत नाहीत, याचा पुरावा २००९ साली मिळाला. नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला एक बिबट्या गळ्यात यंत्र बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. अभ्यासकांनी त्याचे नाव आजोबा ठेवले होते. सुमारे एक महिन्यात शंभराहून अधिक किलोमीटर चालून, कसाऱ्याचा लोहमार्ग आणि तानसाचे रान ओलांडून, वसईच्या कारखान्यांच्या कडेने तो बोरिवलीच्या उद्यानाच्या हद्दीशी पोचला. साऱ्या वाटेत त्याने कोणा माणसाला इजा केली नाही. त्याला मृत्यू आला तो मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, २०११ च्या डिसेंबरात, एका वाहनाची धडक बसून.

वन्यजीवांचे ‘व्यवस्थापन’ हा शब्द सरकारी कागदांतून आता सर्रास वापरला जातो. गोदामातील मालाची मांडणी करावी तशी प्राण्यांची मांडणी करता येईल, असा समज त्यात दडलेला आहे. जुन्नर भागाने या समजाची किंमत मोजली. २००१ पासून तेथील बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याची मोहीम निघाली. मोहिमेपूर्वी माणसांवर वर्षाकाठी सरासरी ४ हल्ले होत. मोहीम सुरू झाल्यावर २००३ पर्यंत ही सरासरी १७ वर गेली, असे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसून आले. हे ठाऊक असूनही, २०२५ मध्ये जुन्नर-शिरूर भागात माणसे, त्यांत लहान मुले, बिबट्यांच्या हल्ल्यात मरण पावली तेव्हा पुन्हा पकडा, बाहेर पाठवा, नसबंदी करा हीच भाषा सुरू झाली. ज्या घरातले मूल गेले त्या घराला बिबट्याच्या हक्कांचे प्रवचन ऐकवणे हे क्रौर्य आहे. त्याचबरोबर, उसाच्या फडाशेजारी उघड्यावर झोपणाऱ्या तोडणी मजुराला दाराची खोली आणि दिवा न देता केवळ पिंजरे लावीत सुटणे ही फसवणूक आहे. हल्ल्यात कोण मरते हे पाहिले म्हणजे हा प्रश्न प्राणिशास्त्राइतकाच वर्गाचाही आहे, हे उमगते.

याच्या उलट बाजूला निसर्गप्रेमाची एक शहरी रीत आहे. बोरिवलीच्या उद्यानातील झोपड्या हटवण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली एका पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर दिला. जंगल वाचले पाहिजे, यात वाद नाही. परंतु पात्र ठरलेल्या कुटुंबाने पुनर्वसनासाठी सात हजार रुपये भरावेत आणि तेही कल्याणजवळच्या जागेसाठी, असा जो मार्ग प्रथम काढला गेला, त्यात रोजंदारीवर जगणाऱ्याच्या संसाराचा विचार कितपत होता? त्याच जंगलाला खेटून उभ्या राहिलेल्या उंच इमारतींतील रहिवाशांना मात्र निसर्गाच्या सान्निध्याचे मोल वाढीव दराने मिळाले.

मोलाची गोष्ट निघाली म्हणून जंगलाच्या सरकारी भावाकडेही पाहावे. वनजमीन अन्य कामासाठी वळवायची तर तिचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावे लागते. कांचन चोप्रा समितीच्या अहवालानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे दर मान्य केले. अभयारण्यासाठी पाचपट आणि राष्ट्रीय उद्यानासाठी दहापट. २०२२ साली मूळ दर वाढून सुमारे साडेनऊ ते सोळा लाख झाले. फुकट जमीन लाटण्यापेक्षा हे बरे, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला मान्य व्हावे. पण दंड आणि किंमत या दोन भिन्न गोष्टी आहेत. दंड म्हणजे हे करू नये असे समाजाने बजावणे; किंमत म्हणजे पैसे भरा आणि खुशाल करा. हा दर व्यवहारात दुसऱ्या प्रकारचा झाला आहे. शिवाय पैसा कोणाकडे जातो? २०१६ च्या कायद्याने तो भरपाई वनीकरणाच्या निधीत, म्हणजे अखेरीस वनखात्याच्या हाती जातो. ज्या पाड्याचे सरपण, मोहफुले, पावसाळी भाज्या आणि गुरचरण गेले, त्या पाड्याला त्यात हक्काचा वाटा नाही. खाडीकाठच्या तिवरांचे तेच. बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार तिवरे तोडण्यास उच्च न्यायालयाने २०२२ च्या डिसेंबरात परवानगी दिली आणि एका झाडामागे पाच लावण्याचे आश्वासन मिळाले. ही पाच झाडे ज्या चिखलात लागतील, तेथे जुन्या खाडीतला कोळी जाळे टाकायला जाणार आहे काय?

भिवंडी तालुक्यात ही बाब विशेष बोचते, कारण येथून जे जाते ते सारे रेषेत जाते. तानसाचे पाणी १८९२ पासून या तालुक्यातून नळाने मुंबईला जाते, आणि तानसाच्या शहापूर तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. त्यामागून महामार्ग, विजेचे मनोरे आणि आता बुलेट ट्रेन. केंद्र सरकारने २००९ साली वनजमीन वळवण्यापूर्वी ग्रामसभेची संमती आवश्यक केली. आणि २०१३ च्या फेब्रुवारीत नेमके रस्ते, लोहमार्ग, नळ, वीजवाहिन्या अशा ‘रेषीय’ प्रकल्पांना तीतून सूट दिली. २०२२ च्या नियमांनी तर वनहक्कांची पूर्तता पाहण्याचे काम केंद्राच्या मंजुरीनंतर राज्य सरकारकडे सोपवले. म्हणजे निर्णय आधी आणि हक्कांची चौकशी मागाहून.

तरीही २०१३ च्या त्या सुटीत एक अपवाद होता: आदिम जमातींच्या मान्य झालेल्या हक्कांना बाधा येत असेल तेथे सूट नाही. कातकरी ही महाराष्ट्रातील अशी एक जमात, आणि भिवंडी तालुक्यात तिच्या वाड्या आहेत. ‘मान्य झालेल्या’ या दोन शब्दांत सारी मेख आहे. दावाच दाखल नसेल तर हक्क मान्य कोठून होणार, आणि वीटभट्टीवर आठ महिने बाहेरगावी असलेले कुटुंब दावा दाखल करणार केव्हा?

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकारही दिला आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक हक्क मिळवले आणि २०११ साली स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने स्वतः देण्यास आरंभ केला. तेथील जंगल गावाने उजाड केले नाही. तुंगारेश्वराच्या पायथ्याशी असे काही व्हावयाचे असेल तर कार्यकर्त्यांना पावसाळ्यातच, माणसे पाड्यावर असताना, ग्रामसभा भरवाव्या लागतील, वनहक्क समित्या उभ्या कराव्या लागतील, आणि दाव्यांबरोबर बिबट्याच्या वाटा व पाणवठेही नकाशावर नोंदवावे लागतील. त्या वाटा आजही पाड्यावरची म्हातारी माणसेच सांगू शकतात. दसऱ्यानंतर भट्ट्या पेटल्या की हे काम पुन्हा वर्षभर लांबते.