उपचारांबाबतची इच्छा टिकते, व्यवहाराबाबतची का नाही?

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठावर असताना न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२५ साली आपले वैद्यकीय इच्छापत्र नोंदवले आणि ‘लिव्हिंग विल’ हा शब्द गोव्यातील घराघरांत पोहोचला. त्याच वर्षीच्या जानेवारीत कर्नाटकच्या आरोग्य खात्याने याविषयी परिपत्रक काढल्याने बेळगावच्या रुग्णालयांतही चर्चा सुरू झाली होती. अखेरच्या आजारात कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे की नाही, हे माणसाने शुद्धीवर असताना लिहून ठेवावे आणि तो बोलू शकत नसेल तेव्हा ते पाळले जावे, असा हा अधिकार. सर्वोच्च न्यायालयाने तो ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला. पण दस्तावर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी हवी, अशी अट घातल्यामुळे तो जवळजवळ कागदावरच राहिला. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरेसे आहे. रुग्णालयाच्या दोन वैद्यकीय मंडळांनी शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत मत द्यावे, असेही ठरले.

याचे स्वागत योग्यच आहे. परंतु अतिदक्षता विभागातील ते शेवटचे काही दिवस सोडले, तर त्याआधीच्या पाच-दहा वर्षांचे काय, हा प्रश्न त्या स्वागतात मागे पडला आहे. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण एका रात्रीत बेशुद्ध होत नाही. तो हिंडतो-फिरतो, नावे विसरतो, धनादेशावरची सही बदलते, आणि एके दिवशी बँकेचा अधिकारी त्याच्यासमोर कागद ठेवायलाच कचरतो.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे; पण मानसिक क्षमतेबाबतची त्याची दृष्टी आजही शहाणपणाची वाटते. कलम १२ माणसाला कायमचा वेडा किंवा शहाणा ठरवत नाही. करार करतेवेळी त्याला तो समजत होता का आणि आपल्या हितावर होणारा परिणाम तो तोलू शकत होता का, एवढेच ते विचारते. मनोरुग्णालयातील रुग्ण शुद्धीच्या काळात करार करू शकतो आणि तापाच्या भ्रमात असलेला निरोगी माणूस करू शकत नाही, ही उदाहरणे कायद्यातच दिलेली आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हाच धागा पुढे नेला. मानसिक आजाराचे निदान झाले, एवढ्यावरून कोणी कायद्याच्या दृष्टीने अक्षम ठरत नाही. उपचारांबाबत आगाऊ सूचना लिहिता येते, प्रतिनिधीही नेमता येतो. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील एका महिलेच्या प्रकरणात म्हटले होते, की सज्ञान रुग्ण केवळ भुलेखाली आहे म्हणून तातडी नसताना तिच्या आईची संमती घेऊन जादा शस्त्रक्रिया करता येत नाही. देहाच्या बाबतीत कायदा असा दक्ष आहे.

मालमत्तेकडे वळले की मात्र हीच दक्षता माणसाच्या मुळावर येते. बहुतेक कुटुंबांचा भरवसा कुलमुखत्यारपत्रावर असतो. वडील धडधाकट असतानाच मुलाच्या किंवा पुतण्याच्या नावे ते करून ठेवले की पुढची सोय झाली, अशी समजूत सार्वत्रिक आहे. ती चुकीची आहे. करार कायद्याच्या कलम २०१ नुसार अधिकार देणाऱ्याची बुद्धी विकल झाली की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निकामी होतो. त्यानंतर त्याच्या बळावर केलेले खरेदीखत पुढे न्यायालयात उभे राहीलच, याची खात्री कोणताही जाणता वकील देणार नाही.

याला एक अपवाद आहे, आणि तो अधिकच बोचरा आहे. ज्या मुखत्याराचा त्या मालमत्तेत स्वतःचा हितसंबंध आहे, त्याची मुखत्यारी कलम २०२ प्रमाणे मालकाच्या बुद्धिभ्रंशानेही संपत नाही. आपले येणे वसूल करण्यासाठी जमीन विकण्याचा अधिकार घेतलेल्या सावकाराचा कागद जिवंत राहतो. औषधपाण्यासाठी खाते चालवणाऱ्या मुलीचा राहत नाही.

गोव्यात ही अडचण दुपटीने जाणवते. येथील नागरी कायद्यानुसार पती-पत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक असते आणि स्थावर विकताना दोघांची संमती लागते. एका जोडीदाराला स्मृतिभ्रंश झाला, तर दुसऱ्याच्याही हिश्श्याचा व्यवहार अडतो. मुले लंडन, लिस्बन वा आखातात असतात. घर मोडकळीला येते आणि दुरुस्तीसाठी एखादा तुकडा विकावा म्हटले, तर सही करणारा हात आहे पण त्यामागची संमती नाही.

मग उरते न्यायालय. पूर्वीच्या १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २०१७ च्या कायद्याने ती वगळली आणि तिच्या जागी काहीच आणले नाही. नव्या कायद्यातील प्रतिनिधी उपचारांबाबत बोलू शकतो, बँकेच्या खिडकीवर नाही. राष्ट्रीय न्यास कायद्यात स्मृतिभ्रंशाचा उल्लेख नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील मर्यादित पालकत्व हे रुग्णाशी सल्लामसलत करून निर्णय घेण्यासाठी आहे. जो बोलतच नाही त्याच्याशी सल्लामसलत कशी करणार? म्हणून कुटुंबे उच्च न्यायालयात रिट याचिका घेऊन जातात. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बेशुद्ध रुग्णांच्या पालकत्वासाठी वैद्यकीय तपासणी, महसूल अधिकाऱ्याची चौकशी अशी पद्धत घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयानेही असे पालक नेमले आहेत. पण हे न्यायालयाचे औदार्य झाले. सत्तरीच्या पत्नीने पतीचे निवृत्तिवेतन काढण्यासाठी पर्वरीला वकील उभा करावा, ही व्यवस्था म्हणता येत नाही.

इंग्लंडने २००५ च्या कायद्याने यावर तोडगा काढला. तेथे बुद्धी शाबूत असताना केलेले आणि सरकारी कार्यालयात नोंदवलेले मुखत्यारपत्र ती गेल्यावरही चालू राहते. असा कागद गैरवापराला आमंत्रण देईल, हा आक्षेप फेटाळण्यासारखा नाही. विशेषतः गोव्यात नाही. खोट्या दस्तांनी गैरहजर मालकांच्या जमिनी बळकावल्याच्या प्रकरणांसाठी येथे २०२२ मध्ये विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायाधीशांचा आयोग नेमावा लागला. मात्र तोडगा नसल्याने गैरवापर थांबलेला नाही. तो अंधारात चालतो. वडिलांना कळत नाही हे ठाऊक असूनही त्यांचा अंगठा घेतला जातो आणि घरातले सारे गप्प बसतात. नोंदणी, दोन डॉक्टरांचा दाखला, वर्षाचा हिशेब आणि घर विकण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी एवढ्या अटी घातल्या, तर निदान कोणी काय केले हे कागदावर तरी दिसेल.

गोवा विधानसभेला हा विषय परका नाही. उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाहीचा कायदा तिने २०१२ मध्ये स्वतः केला. करार आणि मानसिक विकलता हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. कलम २०१ ला छेद देणारी तरतूद केली, तर तिला राष्ट्रपतींची संमती लागेल, इतकेच. तोवर मुखत्यारपत्र करणाऱ्यांनी ते कोणत्या क्षणी संपते हे नोटरीकडून समजून घ्यावे, आणि विस्मरणाची पहिली चिन्हे दिसत असताना होणाऱ्या कोणत्याही दस्तासोबत त्याच दिवशीचा डॉक्टरचा क्षमतेचा दाखला जोडावा. कलम १२ त्या दिवसाचीच स्थिती पाहते.