वारशावर कर : भीती कोणाला दाखवतात?



ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आलाय. मुकादमांची उचल वाटून झाली. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा भागातल्या टोळ्या कोयते घेऊन निघतील. कोणी गुजरातेत जाईल, कोणी बारामती-इंदापूरच्या फडात. काही पोरं तर बारामती एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामालाच आहेत. या पोरांनी उन्हाळ्यात गावी आल्यावर आपल्या बैठकांमध्ये एकच प्रश्न विचारला: सरकार बापाची जमीन अर्धी काढून घेणार, हे खरं का?

ही आवई कुठून आली ते आधी सांगू. एप्रिल 2024 मध्ये लोकसभेची निवडणूक चालू होती. सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतल्या वारसा कराचं उदाहरण दिलं. त्यांच्या काँग्रेस पक्षाने ‘हे आमचं धोरण नाही’ म्हणून लगेच हात झटकले. भाजपने त्याचा प्रचारात बागुलबुवा केला. मोबाइलवर मेसेज फिरले, आणि एमआयडीसीच्या खोल्यांमध्ये दहा-दहा जण राहणारी आपली पोरं रात्रभर काळजी करत बसली. ज्यांच्याकडे शेकडो कोटी आहेत त्यांची काळजी आपल्या पोरांनी केली!

म्हणून या अंकात सरळ बोलायचं ठरवलं. वारशावर कर हवा की नको? आमचं मत आहे, हवा. मोठ्या वारशावर हवा, आणि त्यातून आलेला पैसा रोजगार हमी, रेशन आणि निराधारांच्या पेन्शनला लागला पाहिजे.

आपला वारसा आणि त्यांचा वारसा

आपल्याकडे वारसा म्हणजे नेवाडाची जमीन. आजाने कसली, बापाने कसली, आता आपण कसतो. पुरावा काय? वनखात्याने आजाला केलेल्या दंडाच्या पावत्या! 2006 चा वनहक्क कायदा आला तेव्हा याच पावत्या दाव्याला जोडल्या. कायद्याने सांगितलं, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा दाखवा. जे आदिवासी नाहीत पण जंगलावरच जगतात, अशा आपल्या शेजाऱ्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा पुरावा मागितला. जमीन कितीही कसत असा, पट्टा चार हेक्टरच्या वर नाही. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो, मुलांना वारशाने जातो, पण विकता येत नाही. ही शेवटची अट चांगली आहे, नाहीतर सावकाराने एव्हाना अर्धा सातपुडा लिहून घेतला असता.

आता बारामती एमआयडीसीकडे बघा. आपण धडगावच्या बाजाराला ज्या तीनचाकी ॲपेत बसून जातो, ती ॲपे तिथेच तयार होते. एमआयडीसी शेतकऱ्यांकडून सक्तीने जमीन संपादन करू शकते, तसा 1961 चा कायदा आहे. ती जमीन कारखानदाराला 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. परवानगी घेऊन आणि फी भरून तो पट्टा दुसऱ्याच्या नावावर करता येतो. आजा इथे राबला होता का, असं त्याला कोणी विचारत नाही. आपल्याला मागची 75 वर्षं विचारतात, त्यांना पुढची 95 वर्षं देतात.

आणि वारसा सरकार घेत नाही असं थोडंच आहे? सरदार सरोवरात आपल्या अक्कलकुवा-अक्राणीची 33 गावं गेली. शेत, घर, मसणवटा, देव, सगळं पाण्याखाली. बदल्यात जमीन मिळवायला लोकांना वर्षानुवर्षं लढावं लागलं. त्याला कोणी कर म्हटलं नाही, विकास म्हटलं. गरिबाचा पूर्ण वारसा गेला तरी गप्प बसणारे लोक श्रीमंताच्या वारशातला काही हिस्सा मागितला की ‘अन्याय’ म्हणून ओरडतात.

हा कर आपल्या देशात होता

पोरांना हे माहीत नाही, कारण कोणी सांगत नाही. 1953 साली मालमत्ता शुल्काचा कायदा झाला. माणूस मेल्यावर मागे राहिलेल्या मोठ्या मालमत्तेवर कर बसायचा. सगळ्यात वरच्या टप्प्याला दर 85 टक्क्यांपर्यंत गेला होता. 1976 साली घटनेच्या सरनाम्यात ‘समाजवादी’ हा शब्द घातला. आणि त्यानंतर नऊच वर्षांनी, मार्च 1985 मध्ये, हा कर काढून टाकला. राजीव गांधी पंतप्रधान होते, विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री. कारण काय दिलं? वर्षाला वीसेक कोटीच मिळतात आणि वसुलीचा खर्च जास्त. पुढे 2015 साली श्रीमंतांवरचा संपत्ती करही काढला. अर्थमंत्री अरुण जेटली होते. तेव्हाही कारण तेच: हजारेक कोटीच मिळतात. त्याऐवजी जास्त उत्पन्नावर दोन टक्के जादा अधिभार लावला. म्हणजे दरसालच्या कमाईवर थोडं वाढलं, पण साठवून ठेवलेली आणि वारशाने मिळालेली संपत्ती मोकळी सुटली.

कर कमी जमतो म्हणून कर काढायचा, हा न्याय आपल्याला कधी लावला का? नेवाडाचा दंड वसूल करायला वनखात्याचा गार्ड डोंगर चढून यायचा. दंड किती, दहा-वीस रुपये. त्याच्या पगाराचा हिशोब कोणी केला होता? कर कमी जमत होता, कारण श्रीमंतांकडे वकील होते, ट्रस्ट होते, कागदावर किंमत कमी दाखवणारे होते. पळवाटा बुजवायच्या सोडून दारच काढून टाकलं.

‘बापाने मेहनतीने कमावलंय’

हा त्यांचा पहिला मुद्दा. मेहनतीला आपण नाही म्हणत नाही. पण बारामती-इंदापूरच्या जमिनीला सोन्याचा भाव एकट्या बापाच्या मेहनतीने आला का? नीरा डावा कालवा 1885 सालचा. त्याला पाणी भोर-वेल्ह्याच्या डोंगरातलं. इंदापूरला खडकवासल्याचा कालवा आणि उजनीचं धरण. रस्ते सरकारचे, वीज सरकारची, एमआयडीसी सरकारची. ऊस तोडणारे हात आपले. या सगळ्यांनी मिळून जमिनीची किंमत वाढवली, तर त्यातला थोडा भाग सगळ्यांकडे परत यावा, यात चोरी कुठे आहे?

‘श्रीमंत देश सोडून पळतील,’ हा दुसरा मुद्दा. कालव्याखालची जमीन पळत नाही, कारखान्याची शेड पळत नाही. दक्षिण कोरियात सॅमसंगच्या मालकाचं 2020 साली निधन झालं. त्यांच्या वारसांनी 12 लाख कोटी वॉनहून जास्त वारसा कर भरायचं कबूल केलं. कंपनी पळाली नाही, तिचे मोबाइल आजही आपल्या पोरांच्या हातात आहेत.

‘गरिबाची दोन एकर जाईल,’ हा तिसरा मुद्दा, आणि हाच खोटेपणाचा कळस. ज्या अमेरिकेचं नाव घेऊन घाबरवलं, तिथे केंद्राचा हा कर 2024 साली 1 कोटी 36 लाख डॉलरच्या वरच्या मालमत्तेवरच लागत होता. रुपयात शंभर कोटींच्या वर! आपल्या सगळ्या पाड्यांच्या जमिनी एकत्र केल्या तरी तिथवर पोचणार नाही. वनपट्टा तर विकताच येत नाही, त्याला बाजारभाव कुठला?

सरकारच्या नावावर केलं की समाजवाद झाला का?

काही साथी म्हणतात, कर कशाला, सगळं सरकारने ताब्यात घ्यावं. त्यांनी इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर बघावं. तिथल्या खाजगी साखर कारखान्याने इंग्रजांच्या काळात शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या होत्या. 1961 साली कमाल जमीन धारणेचा कायदा झाला. अशा कारखान्यांकडच्या जास्तीच्या जमिनी सरकारने घेतल्या आणि 1963 साली त्या कसायला शेती महामंडळ काढलं. इंदापूरचा रत्नपुरी मळा त्यातलाच. खंडाने जमीन देणाऱ्यांच्या वारसांनी, म्हणजे खंडकऱ्यांनी, जमीन परत मिळवायला दीर्घ लढा दिला. 2012 पासून वाटप सुरू झालं. त्यांची मागणी रास्त होती. पण मळ्यावर पिढ्यानपिढ्या राबलेल्या कामगाराच्या पोराला काय मिळालं? कामगार घरापुरती दोन गुंठे जागा मागत राहिले. कागदावर नाव असलेल्याचा वारस धरला, राबणाऱ्याचा वारस कोणी धरला नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, मालकी साहेबाच्या टेबलावर गेली की ती आपली होत नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 साली ग्रामसभेने स्वतः बांबू विकला. जंगल सगळ्या गावाचं, हिशोब सगळ्या गावासमोर. आपल्याला तसा समाजवाद पाहिजे. कराच्या पैशाचाही हिशोब तसाच ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे.

महाराष्ट्राने हे करून दाखवलंय

1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली. वि. स. पागे यांनी योजनेची मांडणी केली. 1977 साली कायदा झाला आणि 1979 पासून लागू झाला. पैसा कुठून आणला? शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर लावला, गाड्यांवर, ओलिताच्या जमिनीवर, शहरातल्या बिगर-राहत्या जागांवर वाढीव आकारणी केली. म्हणजे ज्याला पाणी आणि शहर मिळालं त्याने दुष्काळातल्या माणसाचा वाटा उचलायचा. ही भीक नव्हती. काम मागायचा हक्क होता आणि त्याला पैशाची तरतूद होती.

आज काय आहे? एमआयडीसीत काम करणाऱ्या पोराचा महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर कापला जातो, वर्षाला 2500. मोठ्यात मोठ्या साहेबालाही तेवढाच, कारण घटनेतच 1988 पासून 2500 ची मर्यादा आहे! रोजगार हमीची मजुरी 2024-25 साली 297 रुपये होती. म्हाताऱ्यांच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा 80 वर्षांपर्यंत महिना 200 रुपये, किती वर्षं झाली, वाढलेला नाही. राज्याची भर घालून 1500 होतात, तेही वेळेवर येत नाहीत. पैसा नाही म्हणतात. पैसा आहे, त्याला हात लावायची हिंमत नाही.

मे 2024 मध्ये बारामतीच्या लोकसभेला दोन्ही मुख्य उमेदवार एकाच घराण्यातल्या होत्या. वारसा कोणाचा यावर महिनाभर भाषणं झाली. ऊसतोड मजूर आपल्या पोरांना कोयत्याशिवाय काय वारसा देतो, यावर एकही सभा झाली नाही.

आमच्या मागण्या

1. दहा कोटींच्या वरच्या वारशावर टप्प्याटप्प्याने कर लावा. वनहक्काची जमीन, लहान शेतकऱ्याची जमीन आणि राहतं घर कायम बाहेर ठेवा.
2. हा पैसा वेगळ्या निधीत टाका. रोजगार हमी, रेशन आणि पेन्शन सोडून दुसरीकडे वळवू नका.
3. व्यवसाय कराची 2500 ची मर्यादा मोठ्या कमाईवाल्यांसाठी काढा.
4. वनपट्टाधारक वारल्यावर वारसांची नोंद विनाखेटे करा.

हंगामाला निघण्याआधी आपण काय करायचं

पट्ट्यावर बाईचं नाव आहे का बघा, नसेल तर अर्ज द्या. नमुना 4 भरून गावातच काम मागा आणि पोच घ्या. 15 दिवसांत काम दिलं नाही तर बेकारभत्ता द्यावा लागतो. एमआयडीसीतल्या पोरांनी ठेकेदाराला पीएफचा नंबर आणि ईएसआयचं कार्ड मागावं, वारस म्हणून घरच्यांचं नाव लावून घ्यावं. पोरगं मशीनवर गेलं तर आईबापाच्या हाती काय येणार, हे त्या एका नोंदीवर ठरतं.

आणि बारामतीच्या खोलीत कोणी विचारलंच, ‘तुमची जमीन जाणार, भीती नाही वाटत?’ तर सांगा, आमच्या जमिनीसाठी आम्ही पिढ्यानपिढ्या लढतोय. आता हिशोब तुमच्या वारशाचा मांडा.

या चार मागण्यांचा ठराव येत्या ग्रामसभेत मांडा आणि त्याची प्रत संघटनेकडे पाठवा.

जिंदाबाद!