टाचणाचा साचा

नव्याने रुजू झालेल्या एका प्राध्यापिकेने परवा विचारले, "मॅडम, रोज रात्री बारापर्यंत टाचण काढत बसते, तरी पुरत नाही. घरच्यांकडे बघायचे कधी?" प्रश्न खरा आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते. प्रत्येक तासाची तयारी कोऱ्या कागदापासून करायची म्हटली तर रविवारसुद्धा उरत नाही.

त्यात आपल्याकडचा अभ्यासक्रम एका जागी ठरत नाही. कर्नाटकात २०२१ मध्ये नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा आला आणि २०२४ मध्ये पुन्हा तीन वर्षांच्या पदवीवर गाडी आली. पेपरांची नावे बदलली, घटक इकडचे तिकडे झाले. मागणीची लवचिकता मात्र होती तशीच आहे! म्हणून टाचण पेपरवार न ठेवता घटकवार ठेवावे. पेपर बदलला की पाने फक्त पुढे-मागे लावायची.

माझा साचा एका पानाचा आहे. वर आजचा एकच प्रश्न. उदाहरणार्थ, 'भाव वाढला तर खप किती घटेल?' त्याखाली संज्ञांचे तीन रकाने : मराठी, कन्नड, इंग्रजी. आपल्या वर्गात तिन्ही माध्यमांची मुले असतात, त्यामुळे हा रकाना सीमाभागात तरी टाळू नये. मागणी म्हणजे बेडिके, पुरवठा म्हणजे पूरैके. लवचिकतेला कन्नडमध्ये स्थितिस्थापकत्व म्हणतात. हा शब्द मराठी मुलांना विज्ञानातून ओळखीचा निघतो आणि वर्गात हशा पिकतो. मग फळ्यावरची आकृती, मुलांनी सोडवायचे एक गणित, आणि तळाला 'काय अडले?' अशी रिकामी चौकट. तास संपल्यावर वर्गाबाहेर पडतानाच त्यात दोन ओळी लिहाव्यात, नंतर आठवत नाही. पुढच्या वर्षीची निम्मी तयारी या चौकटीतच होते.

उदाहरणाची जागा मात्र मुद्दाम कोरी ठेवते. मीठ आणि कुंदा ही जोडी कायमची आहे. मीठ महागले तरी कोणी कमी खात नाही, कुंदा महागला की अर्ध्या किलोचा पाव किलो होतो. पण तिसरे उदाहरण त्या त्या वर्षाचेच हवे. २०१९ च्या डिसेंबरात कांद्याने किलोला १०० रुपये ओलांडले, २०२३ च्या जुलैत टोमॅटोने. जुन्या पिवळ्या वह्या वर्षानुवर्षे वाचून दाखवणारे गुरुजी आपण पाहिलेत. साच्यात उदाहरणही छापून ठेवले तर आपली वही पिवळी व्हायला कितीसा वेळ?

संगणकावर करायचे तर फाइल वर्डमध्ये टेम्प्लेट म्हणून सेव्ह करावी. उघडली की नवी प्रत मिळते, मूळ साचा शाबूत राहतो. टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या फॉन्टमधली टाचणे दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हे होऊन बसतात. युनिकोडमध्ये मराठी-कन्नड एकाच पानावर सुखाने नांदतात.

पहिल्या सत्रात साचे भरायला वेळ जास्तच लागेल, हे त्या प्राध्यापिकेलाही सांगितले आहे. तूर्त तिने एकाच पेपरचे टाचण असे करायला घेतले आहे, बाकीचे दिवाळीच्या सुट्टीत.